कॉम्प्युटर बंद पडला? आधी हात आवरा

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळा तापला की दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो आणि संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून येतं. वारा सुटतो, विजा कडाडतात, लाइट जाते. येते, पुन्हा जाते. अशाच एखाद्या जाण्या-येण्यात टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून 'फट्' असा आवाज होतो. करपल्याचा वास सुटतो. स्क्रीन काळी पडते.

हे उमरग्याच्या सेवा केंद्रात होतं, कळंबच्या आडतीवर होतं, भूमच्या खव्याच्या पेढीवर होतं, तुळजापूरच्या फोटो स्टुडिओत होतं. घरी मुलांच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरचंही होतं.

अशा वेळी आपला हात आपसूक बटणाकडे जातो. एकदा दाबून होत नाही म्हणून दहादा दाबतो. मग कुणीतरी जुना एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला लाइट पुरवणारा डबा, आणून देतो, तो घाईनं जोडतो. उद्या पीकविम्याची शेवटची तारीख असते, परवा सीईटीच्या फॉर्मची. थांबायला कुणाला वेळ आहे?

पण थांबाच. लाइटीचा पहिला फटका तुमच्या हातात नव्हता. दुसरा फटका घाईतून बसतो आणि पुष्कळदा तोच महागात पडतो. पहिल्या फटक्यात एक डबा जातो. दुसऱ्या फटक्यात मदरबोर्ड जातो, डिस्क जाते आणि डिस्कमधलं सगळं जातं. डबा बाजारात मिळतो. पाच वर्षांचा हिशोब, लोकांच्या लग्नांचे फोटो, विद्यार्थ्यांचे दाखले बाजारात मिळत नाहीत.

म्हणून काय करायचं आणि काय करायचं नाही, ते ओळीनं सांगतो.

जळतं ते नेमकं काय?

कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला जिथं वायर घुसते, तिथं आत एक पत्र्याचा डबा असतो. त्याला पंखा असतो. तोच एसएमपीएस. त्याचं काम तुमच्या गावातल्या डीपीसारखं आहे. डीपी 11 हजार व्होल्टची लाइट घरात चालेल इतकी खाली आणते. एसएमपीएस घरातली 230 व्होल्टची लाइट आणखी खाली आणतो: 12 व्होल्ट, 5 व्होल्ट आणि 3.3 व्होल्ट. कॉम्प्युटरच्या आतले भाग एवढ्याच लाइटीवर चालतात.

हा डबा सगळ्यांत पुढे उभा असतो. जास्त व्होल्टेज आलं, वीज कडाडली, धूळ साचून पंखा अडला, आत पाल शिरली, की पहिला मार तोच खातो. चांगल्या एसएमपीएसमध्ये संरक्षणाची सोय असते. काही बिघडलं की तो स्वतः बंद होतो आणि पुढच्या भागांना वाचवतो. म्हणून पुष्कळदा नुकसान त्या डब्यापुरतंच राहतं.

हलक्या मालात ही सोय नावापुरती असते, कधी मुळीच नसते. मग जाता जाता तो पुढच्यालाही घेऊन जातो.

म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला म्हणून सगळं गेलं असं समजू नका. आणि फक्त एसएमपीएसच गेलाय असंही आधीच धरून चालू नका. ते तपासून ठरवायचं असतं.

पहिली दहा मिनिटं

एक. भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग ओढून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काही जुन्या घरांत बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद दिसतं, पण लाइट आत असतेच.

दोन. धूर किंवा जाळ दिसला तर पाणी मारू नका. मेन स्विच बंद करा. कोरडी वाळू किंवा कोरडी माती चालेल. खोलीची दारं-खिडक्या उघडा. तो धूर लहान मुलांना घेऊ देऊ नका.

तीन. इंटरनेटची वायर, प्रिंटरची वायर, पेन ड्राइव्ह, डिजिटल सहीचं डोंगल, सगळं काढून ठेवा.

चार. आता कॉम्प्युटरचं बटण एकदा दाबून पाच-दहा सेकंद धरा. प्लग काढलेला असताना हे करायचं. आत उरलेली थोडी लाइट त्यानं निघून जाते.

पाच. एक कागद घ्या. तारीख, वेळ आणि काय झालं ते लिहा. आधी लाइट गेली होती का? आवाज आला का? वास कुठून आला? शेजारी काही जळालं का? दुरुस्ती करणाऱ्याला हे सगळं लागतं. महावितरणला किंवा विमा कंपनीला अर्ज करायची वेळ आली, तर तिथंही लागतं.

वास आला असेल किंवा आवाज झाला असेल, तर पुन्हा प्लग लावून बघू नका. एकदाही नाही. 'बघू तरी चालू होतोय का' यातच पुढचं नुकसान होतं.

वास नाही, आवाज नाही, नुसता बंद आहे?

मग आधी साध्या गोष्टी बघा. यातलं काहीही तपासायला डबा उघडावा लागत नाही.

त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. बोर्डालाच लाइट नसेल, तर कॉम्प्युटरचा दोष नाही.

मागे डब्यावर एक छोटं बटण असतं. त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडताना, पुसताना ते बंद होतं आणि माणूस दुकानापर्यंत कॉम्प्युटर उचलून नेतो.

जुन्या एसएमपीएसवर एक लाल खटका असतो. त्यावर 115 आणि 230 असे आकडे दिसतात. तो आपल्याकडे 230 वरच हवा. मुलानं खेळता खेळता तो 115 वर सरकवला आणि लाइट दिली, तर डबा त्याच क्षणी फुटतो. हा खटका दिसला, तर त्यावर आजच चिकटपट्टी लावून टाका.

कॉम्प्युटरची जाड वायर बदलून बघा. मॉनिटरला पुष्कळदा तशीच वायर असते. त्या वायरी सैल होतात, उंदीर कुरतडतात.

मॉनिटर वेगळ्या लाइटीवर चालतो, हेही लक्षात ठेवा. कॉम्प्युटरचा पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण स्क्रीन काळी आहे, तर मॉनिटर दुसरीकडे लावून बघा.

एवढं करूनही काही हालचाल नसेल, तर प्लग काढा. पुढचं काम जाणत्या माणसाचं.

तो डबा उघडू नका

हे मी बजावून सांगतो. कॉम्प्युटरचं झाकण काढणं वेगळं आणि एसएमपीएसचा डबा उघडणं वेगळं. त्या डब्यात मोठे कपॅसिटर असतात. चालू असताना त्यांत 300 व्होल्टच्या वर लाइट साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ आत राहते. हात लागला तर झटका जीवघेणा ठरू शकतो.

आतला फ्यूज उडालाय म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. त्या डब्यातला फ्यूज सहसा उगाच उडत नाही. आत काहीतरी शॉर्ट झालेलं असतं म्हणून तो उडतो. तार लावली की पुढचा जाळ तुम्ही स्वतः लावलात.

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो. हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडायची आणि पंखा फिरला की एसएमपीएस चांगला. ही तपासणी दुरुस्तीवाले करतात, पण ती अर्धीच आहे. पंखा फिरतो, तरी आतून येणारं व्होल्टेज चुकीचं असू शकतं. आणि तार चुकीच्या जागी लागली तर वेगळंच निस्तरावं लागतं. तुम्ही त्या फंदात पडू नका.

डिस्क आधी बाजूला काढा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ही राहू द्या.

नवा किंवा उसना एसएमपीएस लावून बघण्याआधी हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढायला लावा. जोडायची ती सगळ्यांत शेवटी.

कारण सरळ आहे. उसना एसएमपीएस चांगला आहे याची खात्री कुणी दिलेली नसते. मदरबोर्डमध्ये शॉर्ट असेल तर तेही अजून कळलेलं नसतं. अशा वेळी डिस्क जोडलेली असली, तर तीच जुगारावर लागते.

डिस्क काढली की ती कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. पाडू नका. चुंबकाजवळ ठेवू नका. मग जमेल तेव्हा दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला यूएसबीच्या केबलनं जोडून आधी सगळी माहिती उतरवून घ्या. अशी केबल किंवा डिस्कचं कव्हर कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतं.

डिस्क फिरतच नसेल, किंवा 'टक टक' असा आवाज करत असेल, तर लगेच बंद करा. ती खोलायला कुणालाही देऊ नका. आत धुळीचा कण गेला तरी तबकड्या ओरखडतात. तिच्यावरची हिरवी पट्टी दुसऱ्या डिस्कची लावून भागेल, असंही कुणी सांगेल. पुष्कळ डिस्कच्या पट्टीवर त्या डिस्कची स्वतःची नोंद असते. नुसती अदलाबदल करून काम होत नाही, उलट बिघडतं.

माहिती खरंच लाखमोलाची असेल, तर ती काढून देणाऱ्या खास कंपन्या पुण्या-मुंबईत आहेत. खर्च बराच येतो. डिस्क देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. खर्च किती? माहिती निघाली नाही तर पैसे किती? डिस्क परत मिळणार का?

नव्या लॅपटॉपमध्ये आणि काही नव्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज डिस्कला आपोआप कुलूप लावतं. मदरबोर्ड मेला आणि डिस्क दुसरीकडे लावली, तर ते 48 आकडी किल्ली मागतं. ती किल्ली सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कॉम्प्युटर चांगला चालतोय तोवरच ती शोधून वहीत उतरवून ठेवा.

दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावर

आपल्या तालुक्याच्या गावांत दुरुस्ती करणारी मुलं हुशार आहेत, पण त्यांच्या टेबलावर दहा कॉम्प्युटर पडलेले असतात. तुम्ही नीट सांगितलं, तर तेही नीट करतात. म्हणून आदरानं, पण स्पष्ट सांगा.

"दादा, लाइट आली तेव्हा आवाज झाला. परत चालू केलेला नाही. आधी डिस्क काढा. मग दुसऱ्या एसएमपीएसवर नुसता मदरबोर्ड लावून बघा."

तपासायची रीत अशी असते. आधी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम, एवढंच. ते चालू झालं की दुसरी रॅम. मग ग्राफिक्स कार्ड असेल तर ते. मग डीव्हीडी वगैरे. शेवटी डिस्क. एकेक भाग जोडत गेलं की दोष कुठं आहे ते कळतं. सगळं एकदम जोडलं की काहीच कळत नाही.

नवा एसएमपीएस लावल्यावर पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो, असं झालं तर समजा की पुढे कुठंतरी शॉर्ट असण्याची शक्यता आहे. एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. तेव्हा 'अजून एकदा दाबून बघू' म्हणू नका.

व्होल्टेज मीटरवर मोजायला सांगा आणि आकडे स्वतः बघा. 12 च्या जागी 11.4 ते 12.6, 5 च्या जागी 4.75 ते 5.25 आणि 3.3 च्या जागी 3.14 ते 3.47. या बाहेर आकडा गेला, तर तो एसएमपीएस नको.

मदरबोर्डही डोळ्यांनी बघा. त्यावर छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगलाय, फाटलाय, त्यातून तपकिरी चिकट काही आलंय, तर त्याचे दिवस भरले. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर असे खराब कपॅसिटर निघाले होते आणि असंख्य कॉम्प्युटर त्यापायी बाद झाले. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हा दोष आजही दिसतो. फक्त दोन-तीन कपॅसिटर गेले असतील, तर ते बदलून मिळतात. लगेच सगळा मदरबोर्ड बदलायची गरज नसते.

वीज कडाडून बिघाड झाला असेल, तर इंटरनेटची वायर जिथं लागते ती जागाही तपासून घ्या. वीज नेहमी लाइटीच्या वायरीनंच येते असं नाही. कॉम्प्युटर चालू होतो आणि नेट मात्र कधीच लागत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. वेगळं नेटचं कार्ड लावून ते काम भागतं.

जळालेला भाग परत मागून घ्या. बदललेल्या भागाचं बिल घ्या. आणि डिस्कमध्ये गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं असतील, तर डिस्क दुकानात सोडून येऊ नका. ती तुमच्यावर विश्वासानं टाकलेली ठेव आहे.

नवा एसएमपीएस घेताना

इथं चारशे-पाचशे रुपये वाचवायला जाऊ नका. पुढे उभा राहून मार खाणारा तोच आहे.

डब्यावर '450 वॅट' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्याखालचा तक्ता वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि 12 नं गुणा. 30 अँपिअर असतील तर 360 वॅट. 14 अँपिअर असतील तर 168 वॅट. मग वरचे 450 आले कुठून, हे दुकानदाराला विचारा.

ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरला फार वॅट लागत नाहीत. खरे 400 वॅट देणारा एसएमपीएस पुरून उरतो. खेळांसाठीचं मोठं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्या कार्डाच्या खोक्यावर किती वॅटचा एसएमपीएस हवा ते लिहिलेलं असतं.

हातात घेऊन बघा. अगदी हलका, पोकळ वाटला तर ठेवून द्या. बीआयएसची खूण आणि 'आर' या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप आहे. त्यात तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. '80 प्लस' ही खूण असेल तर चांगलंच, पण ती लाइट किती कमी वाया जाते हे सांगते. तेवढ्यावर माल सुरक्षित आहे असं समजू नका.

पक्कं बिल घ्या. त्यावर एसएमपीएसचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीत बिघडला आणि दुकानदार हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. धाराशिवला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण बिल नसेल तर तिथं कोण उभं करणार?

काही महागड्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात. जुन्या डब्याच्या वायरी नव्याला लावू नका. टोक बसतं, पण आतली जुळणी वेगळी असते. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क तिथंच संपते.

लॅपटॉपचा चार्जर गेला असेल, तर नवा घेताना व्होल्टचा आकडा जुन्यासारखाच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा थोडा जास्त चालतो, कमी चालत नाही. टोक बसलं म्हणून लावून टाकू नका.

शेजारचीही उपकरणं जळाली असतील तर

तुमच्या एकट्याचा कॉम्प्युटर गेला तर गोष्ट वेगळी. पण गल्लीत कुणाचा टीव्ही, कुणाचा फ्रिज, कुणाचे बल्ब एकाच वेळी गेले, तर बहुधा डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटलेला असतो. तेव्हा घरात 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत लाइट येऊ शकते.

ओळखायची खूण अशी. एका घरात बल्ब डोळे दिपतील इतका पेटतो, पंखा भन्नाट पळतो. दुसऱ्या घरात त्याच वेळी बल्ब मिणमिणतो.

हे दिसलं की पहिलं काम मेन स्विच बंद करायचं. शेजाऱ्यांना ओरडून सांगा. मग 1912 वर किंवा महावितरणच्या 1800-233-3435 या नंबरवर तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. डीपीवर स्वतः चढू नका, गावातल्या कुणाला चढू देऊ नका. दर पावसाळ्यात अशानं माणसं जातात.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. कुणाच्या घरी काय जळालं, किती वाजता, याची यादी जोडा. फोटो काढा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो, वीस सह्यांचा पडत नाही. तिथं दाद लागली नाही, तर वीज ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच आहे. जळालेला भाग तोवर भंगारात देऊ नका.

दुकानाचा विमा असेल, तर एजंटला त्याच दिवशी फोन करा. लाइटीनं झालेलं नुकसान त्यात धरलंय का, ते पॉलिसीत वाचा. विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

लाइट आली की लगेच कॉम्प्युटर चालू करू नका. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. लाइट येताच शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. तेवढा वेळ व्होल्टेज खाली-वर होत राहतं.

आभाळात गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. सोबत नेटची वायरही काढा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलेलं आहे. तुमच्या भागात वीज पडण्याचा धोका असेल तर ते आधी इशारा देतं. कॉम्प्युटरसाठी नसलं, तरी शेतात असलेल्या माणसांसाठी ते घरात एकाच्या तरी मोबाइलवर असू द्या.

अर्थिंग तपासून घ्या. पुष्कळ घरांत तीन भोकांचा बोर्ड असतो, पण वरच्या मोठ्या भोकात वायरच नसते. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की दिवा लागतो. लोक म्हणतात कॉम्प्युटरला करंट येतोय. बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरचा नसतो. एसएमपीएस जी थोडी लाइट जमिनीत सोडू बघतो, तिला जायला वाटच नसते. चांगला वायरमन बोलवा. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता. आपली जमीन कोरडी पडली की अर्थिंगही कोरडं पडतं. त्याच खेपेला धक्का बसताच क्षणात लाइट तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. तो माणसाचा जीव वाचवतो.

कॉम्प्युटरला यूपीएस लावा. 600 व्हीएचा साधा यूपीएस साध्या कॉम्प्युटरला काम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ देतो. त्याचा उपयोग तेवढाच. त्याच्यावर तासभर काम करायला जाऊ नका. लेझर प्रिंटर, कूलर, इस्त्री त्याला लावू नका. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते. ती बदलली नाही, तर यूपीएस आहे नि नाही सारखाच. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल, तर तो 'प्युअर साइन वेव्ह'चा आहे का ते दुकानात विचारा. साध्या इन्व्हर्टरवर काही एसएमपीएस कुरकुरतात.

कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नका. विटेवर, फळीवर, टेबलावर ठेवा. भिंतीपासून वीतभर पुढे असू द्या, म्हणजे मागची गरम हवा बाहेर पडेल. मागची रिकामी भोकं पट्टीनं बंद करा. पाली, झुरळं, उंदराची पिल्लं तिथूनच आत जातात. दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, प्लग काढून, ब्लोअरनं धूळ उडवून घ्या. पंखा घरघरायला लागला, तर तो जाण्याआधी सांगतोय असं समजा.

माहिती दोन ठिकाणी, काम दोन दिवस आधी

एवढं सगळं करूनही एखाद्या दिवशी कॉम्प्युटर जाईल. यंत्र आहे, जाणारच. त्या दिवशी तुमचं काय अडेल, हे आज ठरतं.

हिशोबाची, फोटोंची, दाखल्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. काम झालं की ती डिस्क काढून कपाटात. कायम कॉम्प्युटरला जोडलेली प्रत ही प्रत नाही. एकाच फटक्यात दोन्ही जातात. आणखी एक प्रत घराबाहेर असू द्या. भावाच्या घरी ठेवा, नाहीतर इंटरनेटवरच्या खात्यात ठेवा. आडतीवर रोज संध्याकाळी, घरी महिन्यातून एकदा, एवढा नेम पुरे.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक वही ठेवावी. ज्याचा अर्ज भरला त्याचं नाव आणि अर्जाचा क्रमांक त्यात लिहावा. भरून पाठवलेला अर्ज तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतो, सरकारच्या सर्व्हरवर असतो. कॉम्प्युटर बंद पडला तरी दुसऱ्या ठिकाणाहून लॉगिन करून काम पुढे नेता येतं. शेजारच्या केंद्रवाल्याशी आधीच बोलून ठेवा: तुझा बंद पडला तर माझा, माझा बंद पडला तर तुझा.

आणि तुम्ही अर्जदार असाल, विद्यार्थी असाल, शेतकरी असाल, तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी सर्व्हर रखडतो, रांग लागते, नेमकी लाइटही जाते. दोन दिवस आधी गेलात, तर केंद्रातला एसएमपीएस जळाला तरी तुमचा विमा बुडत नाही.

आज घरी गेल्यावर तीन कामं करा. कॉम्प्युटरचा प्लग कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. वायरमनला अर्थिंग बघायला बोलवा. आणि जेवायला बसण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावा. जेवण होईपर्यंत त्या उतरलेल्या असतील.